परक्या नगरीतील उसने घर

आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले आता लंडन, म्युनिक वा ॲमस्टरडॅम येथे शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी राहतात. त्यांना भेटावयास गेलेले आई-वडील पुढे आठ-दहा दिवस युरोपातील जुनी शहरे पाहून येतात. काही कुटुंबे तर चार-पाच घरे मिळून, सोबत आचारी घेऊन प्रवासाला निघतात. अशा प्रवासाची आखणी करताना इतरांना पहिला प्रश्न पडतो तो काय पाहावे हा. श्रावकाच्या घरी पहिला प्रश्न असतो काय जेवावे आणि केव्हा जेवावे हा. हॉटेलच्या खोलीत चूल नसते. म्हणून स्वयंपाकघरासह थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळणारे घर आपल्याला सोयीचे वाटते आणि ते स्वाभाविकही आहे.

या लेखात अशा घरांचा विचार इटलीतील व्हेनिस या एकाच शहराच्या आधारे केला आहे. त्याचे कारण असे की, पाहुण्याची सोय आणि रहिवाशाचा निवारा यांतील ताण तेथे जितका उघडपणे दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसेल.

चुलीसाठी घर

व्हेनिसमध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. त्या दिवसांत सायंकाळी साडेसातला भोजन केले तरी रात्रिभोजनत्यागाच्या नियमाला बाध येत नाही. डिसेंबरात मात्र सूर्यास्त साडेचारच्या आसपास होतो आणि तेथील भोजनगृहे सायंकाळी सात वाजल्याशिवाय सहसा उघडत नाहीत. नियम पाळणाऱ्याने हिवाळ्यात तेथे जायचे ठरविले, तर घरी शिजवून वेळेत जेवणे हाच एक खात्रीचा मार्ग उरतो.

पदार्थांचाही प्रश्न आहेच. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. कोरडा पास्ता साधारणतः नुसत्या कडक गव्हाच्या रव्याचा व पाण्याचा असतो, तरी वेष्टनावर ‘ऊओवो’ म्हणजे अंडे हा शब्द आहे का ते पाहून घ्यावे. ‘पार्मिजानो रेज्जानो’ हे प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातील विरजणानेच करावे असा नियम आहे. म्हणून ते सर्वस्वी वर्ज्य होय. इतर चीजवर ‘काल्यो वेजेताले’ म्हणजे वनस्पतिजन्य विरजण किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेले विरजण असे लिहिलेले आढळते; त्यांतले काय चालते ते ज्याने त्याने आपल्या नियमानुसार ठरवावे. काही पावांत डुकराची चरबी घालतात. तिचे नाव ‘स्त्रुत्तो’. तुळशीच्या जातीच्या पानांची हिरवी चटणी, पेस्तो, दिसायला निर्दोष असते. परंतु तिच्यात लसूण व पार्मिजानो ही दोन्ही असतात.

याउलट बाजारात मिळणारा चांगला माल थोडा नाही. व्हेनिसच्या भोवतालचा व्हेनेतो प्रांत तांदूळ पिकवणारा आहे. ‘व्हियालोने नानो’ नावाचा तेथला आखूड दाण्याचा तांदूळ मऊ शिजतो आणि त्याची मूगडाळ घालून खिचडी उत्तम होते. मक्याचे पीठ घरोघरी वापरले जाते. वसंत ऋतूत ताजा मटार येतो, लगूनमधील सांत एराझ्मो बेटावरून आर्टिचोकच्या कळ्या येतात, हिवाळ्यात त्रेव्हिझोची तांबडी पानभाजी येते. रियाल्तोच्या पुलाजवळचा भाजीबाजार शतकानुशतके त्याच जागी भरतो. शेजारीच मासळीबाजार असल्याने ज्यांना ते सहन होत नाही, त्यांनी सान बार्नाबा येथे कालव्यात उभ्या असणाऱ्या भाजीच्या नावेवरून खरेदी करावी.

एक व्यावहारिक सूचना. भाड्याच्या घरातील कढई-तव्यावर पूर्वी काय शिजले हे कळण्यास मार्ग नसतो. म्हणून आपला लहान कुकर, तवा, पोळपाट-लाटणे आणि पाणी गाळण्याचे फडके सोबत न्यावे. अनेक घरांत आता गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी असते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापत नाही, त्यासाठी तळाला चुंबक चिकटेल असे भांडे लागते. फोडणी करताना धूर ओढून घेणारा पंखा आधी लावावा. जुन्या इमारतींत जिना व चौक सामाईक असतात आणि हिंगाचा वास तीन मजले चढून जातो.

गाळलेल्या पाण्याचे शहर

फडके काढून पाणी गाळू लागलेल्या श्रावकाला या शहराचा एक जुना आचार ठाऊक असायला हवा. व्हेनिस हे खाऱ्या पाण्यातील शंभराहून अधिक लहान बेटांवर वसलेले आहे. गोड्या पाण्याचा झरा तेथे नाही. तरीही तेथील प्रत्येक चौकात दगडी कठड्याची विहीर दिसते. या खऱ्या अर्थाने विहिरी नव्हेत. चौकातील जमीन काही मीटर खोल खणून तिला चिकणमातीचा जाड लेप देत, म्हणजे खारे पाणी आत झिरपू नये. तो खड्डा वाळूने भरत आणि मधोमध विटांची नळी उभी करत. चौकात पडलेला पाऊस दगडी जाळ्यांतून वाळूत उतरे, तिच्यातून गाळला जाई आणि मधल्या नळीत स्वच्छ पाणी साठे. सार्वजनिक विहिरींना झाकणे व कुलपे असत. ठरलेल्या वेळी घंटा झाली की त्या उघडत आणि लोक आपापल्या वाट्याचे पाणी नेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा खासगी विहिरींची संख्या सहा हजारांच्या घरात होती. 1884 साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले आणि ही व्यवस्था थांबली.

जलाचा एकेक थेंब मोजून, गाळून आणि वाटून घेण्याची ही शिस्त जैन आचाराशी हेतूने जुळत नाही. तेथे जीवदयेचा विचार नव्हता, टंचाईचा होता. परंतु आचरण म्हणून तिची ओळख आपल्याला लगेच पटते. आज नळ सोडला की पाणी येते, पण ते जाते कोठे याचा विचार पाहुण्याने करावा. जुन्या व्हेनिसमध्ये आधुनिक शहरांसारखे सांडपाण्याच्या नळांचे जाळे नाही. मोरीतील पाणी शोषटाक्यांतून वा जमिनीखालच्या जुन्या विटांच्या वाटांनी अखेर कालव्यांत उतरते आणि भरती-ओहोटी ते समुद्राकडे नेते. मोरीत ओतलेले तळणीचे तेल आणि गरजेहून अधिक वापरलेला साबण हा तेथील जलचरांपर्यंत थेट पोहोचणारा अनर्थदंड होय.

कचऱ्याचेही तसेच. गाड्या नसलेल्या या शहरात कचरा हातगाडीने आणि मग नावेने जातो. सफाई कामगार सकाळी दाराशी येतात. कागदाचा दिवस वेगळा, काच-प्लॅस्टिकचा वेगळा. रात्री पिशवी बाहेर ठेवून पहाटे निघून जाणाऱ्या पाहुण्याची पिशवी समुद्रपक्षी फोडतात आणि गल्लीभर पसरलेले उष्टे शेजाऱ्याला आवरावे लागते.

पाहुण्यांसाठी बांधलेल्या वास्तू

परदेशी पाहुण्याला राहायला जागा देणे व्हेनिसला नवे नाही. मलबारची मिरी अलेक्झांड्रियामार्गे या बंदरात येत असे आणि तेथून सगळ्या युरोपात जात असे. त्या व्यापारासाठी आलेल्या परकीयांकरिता नगराने स्वतंत्र वास्तू राखल्या होत्या. त्यांना ‘फोंदाको’ म्हणत. हा शब्द ‘फुंदुक’ या अरबी शब्दावरून आला. रियाल्तोच्या पुलाजवळ जर्मन व्यापाऱ्यांचा फोंदाको होता. आग लागून तो नष्ट झाल्यावर 1508 पर्यंत तो पुन्हा उभारण्यात आला. मोठ्या कालव्यावरील एक जुना प्रासाद 1621 मध्ये तुर्की व्यापाऱ्यांना देण्यात आला. तेथे त्यांच्या प्रार्थनेची व स्नानाची वेगळी सोय होती. आज त्या वास्तूत निसर्ग-इतिहासाचे संग्रहालय आहे. या निवासांत मालही ठेवला जाई आणि माणसेही राहत. रात्री दारे बंद होत, त्यांवर नगराची देखरेख असे.

या व्यवस्थेत संशय होता, करवसुली होती; तिचा गौरव करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट तीत स्पष्ट होती: पाहुण्याची जागा पाहुण्याची आणि रहिवाशाचे घर रहिवाशाचे. आपल्या धर्मशाळांचाही पाया हाच. कुंथलगिरी असो, कुंभोजचे बाहुबली असो वा श्रवणबेळगोळ असो, यात्रेकरूची खोली दात्यांनी यात्रेकरूसाठीच बांधलेली असते. तेथे आपण उतरलो म्हणून गावातल्या कोणाला घर सोडावे लागत नाही.

रिकामी होणारी घरे

पर्यटकाला भाड्याने दिले जाणारे घर या दोहोंहून वेगळे आहे. ते कोणाचे तरी राहते घर होते, किंवा कोणाचे तरी राहते घर होऊ शकले असते. व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटांवर 1951 मध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. 2022 मध्ये ही संख्या 50 हजारांच्या खाली गेली. रियाल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकातील एका औषधविक्रेत्याने 2008 पासून आपल्या खिडकीत रहिवाशांची संख्या दाखविणारा फलक लावला आहे. येणारे-जाणारे तो वाचतात आणि पुढे जातात. 2023 मध्ये तर पर्यटकांसाठी उपलब्ध असलेल्या खाटा रहिवाशांच्या संख्येहून अधिक झाल्याचे तेथील नागरिकांच्या गटांनी दाखवून दिले.

हा ऱ्हास केवळ पर्यटकांच्या घरांमुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. 4 नोव्हेंबर 1966 रोजी पाणी 194 सेंटिमीटरपर्यंत चढले आणि तळमजल्यांवरील हजारो घरे राहण्यास अयोग्य ठरली. मुख्य भूमीवरील मार्गेरा येथे कारखाने होते, मेस्त्रेमध्ये उद्वाहक असलेली कोरडी, स्वस्त घरे होती. तरुण कुटुंबे तिकडे गेली ती स्वेच्छेने. मागे राहिलेल्या जुन्या घरांचा खर्चही लहान नाही. खारट ओलीने विटा झडतात, लाकूड कुजते. आजीचे घर वारशाने मिळालेला एखादा नातू ते पर्यटकांना देऊन त्याच भाड्यातून डागडुजी करतो, हेही सत्य आहे.

तथापि गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रवाहाला वेग आला तो घर महिनाभर एका कुटुंबाला देण्यापेक्षा आठ दिवस पाहुण्यांना देणे अधिक लाभाचे झाल्यामुळे. शिक्षिका, परिचारिका, नावाडी यांना परवडेल असे घर बेटावर मिळेनासे झाले. रहिवासी कमी झाले तसा किराणा दुकानदार उठला, त्या जागी मुखवट्यांचे दुकान आले. पाववाला गेला, तेथे आइस्क्रीम आले. शाळेतील वर्ग लहान होत गेले. घर रिकामे झाल्याचे दुःख त्या घरापुरते राहत नाही, ते गल्लीभर पसरते.

शासनानेही याची दखल घेतली आहे. अशा घरांवर मर्यादा घालण्याचा अधिकार इटलीच्या संसदेने 2022 मध्ये व्हेनिसला दिला. 2023 मध्ये फ्लॉरेन्सने आपल्या ऐतिहासिक भागात नवी पर्यटक-घरे सुरू करण्यास बंदी केली. ॲमस्टरडॅममध्ये मालकाला आपले राहते घर वर्षाकाठी 30 रात्रींपेक्षा अधिक देता येत नाही. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून 2024 मध्ये जाहीर केले की, तेथील 10,101 पर्यटक-घरांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर राहणार नाहीत.

परोपरोधाकरण

येथे आपल्या शास्त्राकडे वळणे उचित होईल. अचौर्यव्रत म्हणजे न दिलेली वस्तू न घेणे, एवढाच अर्थ आपण सहसा सांगतो. परंतु आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताला स्थैर्य देणाऱ्या ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांतील पहिल्या तीन भावना निवासाविषयी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शून्यागार म्हणजे ओस जागी राहणे. टीकाकारांनी त्याचे उदाहरण म्हणून डोंगरातील गुहा आणि झाडाची ढोली सांगितली आहे. विमोचितावास म्हणजे इतरांनी सोडून दिलेल्या जागी राहणे. आणि परोपरोधाकरण म्हणजे आपण राहतो त्या जागी येण्यास दुसऱ्याला अटकाव न करणे.

या भावना मुख्यतः मुनिजनांच्या विहारासाठी आहेत आणि प्रवासाला निघालेला गृहस्थ काही मुनी नव्हे. तरीही चोरी या दोषाची चर्चा करताना आचार्यांना राहण्याच्या जागेचा विचार तीन वेळा करावासा वाटला, यात मोठे मर्म आहे. घराचे भाडे आपण दिले, करारावर सही केली, मालक संतुष्ट आहे. व्यवहाराच्या दृष्टीने येथे काहीही चोरीचे नाही. पण आपल्या राहण्याने त्याच शहरातील दुसऱ्या कोणाची वाट अडते का, हा प्रश्न कराराने सुटत नाही. व्हेनिसमधील रिकामे घर ‘विमोचितावास’ आहे की कोणाला तरी सोडावे लागलेले घर आहे, हे ओळखण्याचे दायित्व प्रवाशावर येते.

आपल्यापुढील पेच यामुळे अधिक अवघड होतो. ज्या चुलीसाठी आपण घर घेतो ती चूल अहिंसेसाठी आहे. रात्रिभोजन टाळावे, अभक्ष्य टाळावे, या हेतूनेच आपण हॉटेल नाकारतो. एका व्रताच्या रक्षणासाठी दुसऱ्या व्रताच्या भावनेला आपण धक्का लावतो का? हा पेच नाकारून चालणार नाही, आणि त्यावर युरोपला जाऊच नये असे उत्तर देऊन तो सुटणारही नाही. विवेकाने निवड करणे हा मार्ग मोकळा आहे.

निवड कशी करावी

पहिली गोष्ट परवान्याची. इटलीत 1 जानेवारी 2025 पासून अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख-क्रमांक आवश्यक झाला आहे. तो जाहिरातीत आणि इमारतीच्या बाहेर लावावा लागतो. क्रमांक नसेल तर ते घर कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. पाहुण्यांची पारपत्रे तपासून 24 तासांच्या आत त्यांची नोंद पोलिसांकडे करणे यजमानावर बंधनकारक आहे. त्यामुळे पारपत्र मागितले तर अपमान मानू नये, न मागितले तर सावध व्हावे. रात्रीच्या मुक्कामाचा नगरपालिकेचा कर वेगळा असतो. तो चुकविण्यासाठी रोखीने सवलत देऊ करणाऱ्या यजमानाला नम्रपणे नकार द्यावा.

दुसरी गोष्ट यजमानाची. तो स्वतः त्या शहरात राहतो का, त्याच्याकडे एकच घर वा खोली आहे की तीस-चाळीस घरे आहेत, हे जाहिरातीवरून बहुधा कळते. स्वतःच्या राहत्या घरातील एक-दोन खोल्या देणारी वृद्ध दांपत्ये व्हेनिसमध्ये आहेत. त्यांच्या उत्पन्नाने ती बेटावर टिकून राहतात. स्वयंपाकघर वापरू द्याल का, आम्ही मांस, मासे, अंडी शिजवत नाही आणि सायंकाळी लवकर जेवतो, असे आधी लिहून विचारावे. अशा घरी राहिल्याने दाराआड एकटे राहण्याचे स्वातंत्र्य थोडे कमी होते, परंतु कोणाचे घर हिरावले जात नाही.

तिसरा पर्याय आपल्या शास्त्रातील शब्दाशी अक्षरशः जुळतो. विद्यापीठीय शहरांतील वसतिगृहे उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी होतात आणि त्यांपैकी काही जुलै-ऑगस्टमध्ये प्रवाशांना खोल्या देतात. अनेकांत सामाईक स्वयंपाकघर असते. विद्यार्थी गावी गेलेले, खोली ओस पडलेली आणि सप्टेंबरात पुन्हा त्यांचीच होणार: याहून निर्दोष शून्यागार गृहस्थाला कोठे मिळावे? ख्रिस्ती धर्मसंस्थांची अतिथिगृहेही अनेक इटालियन शहरांत आहेत. तेथे शांतता, शिस्त आणि रात्री दार बंद होण्याची ठरलेली वेळ असते, जी आपल्या धर्मशाळांतून वाढलेल्यांना परकी वाटणार नाही. मोठा गट असेल तर मुख्य भूमीवरील मेस्त्रेमध्ये स्वयंपाकाची सोय असलेली निवासी हॉटेले पाहावीत. ती पाहुण्यांसाठीच बांधलेली असतात आणि आगगाडीने पूल ओलांडून दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला पोहोचता येते.

सहल काढणाऱ्या आपल्या संयोजकांना येथे विशेष विनंती. तीस यात्रेकरूंसाठी एका जुन्या इमारतीतील पाच-सहा घरे एकदम घेणे सोयीचे असते. आचारी एका घरात शिजवतो आणि सगळे तेथे जेवतात. पण त्या इमारतीत उरलेल्या एखाद्या वृद्ध रहिवाशाच्या दृष्टीने तीस माणसांची जा-ये, भल्या पहाटेचे कुकरचे आवाज आणि दगडी पुलांवरून खडखडत जाणाऱ्या बॅगांची चाके यांचा अर्थ काय होतो, याचा विचार संयोजकांनी करावा. मुक्काम मेस्त्रेत आणि दुपारचा डबा सोबत, अशी आखणी केल्यास खर्चही वाढत नाही.

शेवटी परिमाणव्रताचा विचार. तीन दिवसांत तीन शहरे पाहण्याऐवजी एकाच शहरी आठवडाभर राहिले, तर बॅगा कमी लागतात, नावेने धुलाईला जाणाऱ्या चादरी कमी होतात आणि भाजीच्या नावेवरचा माणूस चौथ्या दिवशी आपल्याला ओळखू लागतो. निघण्याच्या दिवशी भांडी घासून जागेवर ठेवावीत, उरलेले तांदूळ-डाळ यजमानाला विचारून द्यावे, कचरा ज्या त्या दिवशी कामगाराच्या हाती द्यावा आणि जिना उतरताना बॅग उचलून न्यावी. वरच्या मजल्यावर अजून कोणी राहत असेल, तर त्याची दुपारची झोप मोडू नये.